कॉट बेसिस

“गाडी कुठंय पाव्हणं?”

“गाडी नाय. बाज हाय,” सांडू म्हणाला आणि डोक्यावरची बाज त्यानं सावकाश खाली उतरवली.

विद्यापीठाच्या रस्त्याला लागून पत्र्याचं कुंपण घातलेलं ते एक आवार होतं. आत दीडशे-दोनशे मोटारसायकली दाटीवाटीनं उभ्या होत्या. दारात स्टूल टाकून बसलेला म्हातारा पुंडलिक आधी बाजेकडं बघत राहिला, मग सांडूकडं, मग त्याच्यामागं ओढणीनं तोंड झाकून उभ्या असलेल्या करुणाकडं. इतक्या वर्षांत त्याच्या दारात स्कुट्या आल्या, बुलेट आल्या, एकदा तर नवरदेवाची घोडीसुद्धा बांधली होती. बाज आज पहिल्यांदाच येत होती.

“चार पाय हायेत. चारचाकीचं भाडं लागन,” तो गंभीर तोंड करून म्हणाला.

सांडूला हसू आलं नाही. सकाळपासून त्या बाजेला सगळे हसत होते, त्यात हा आणखी एक. त्यानं गळ्यातल्या निळ्या रुमालानं मान पुसली आणि पोरीकडं बघायचं टाळलं.

त्याचं असं झालं होतं. सिल्लोडच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं सांडूचं गाव. दोन सालं पाऊस नाही. करुणाला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण होस्टेलच्या यादीत नाव बसलं नाही. गेल्या सालीही अगदी हेच झालं होतं. खोली मिळाली नाही म्हणून तिनं प्रवेश सोडला आणि वर्षभर रोजगार हमीच्या कामावर माती उचलली. यंदाही तसंच झालं तर पुन्हा या वाटेचं नाव काढायचं नाही, असं भावकीतल्या मोठ्यांनी सांडूकडून कबूल करून घेतलं होतं. एक स्थळही तयार होतं. तास उद्यापासून सुरू व्हायचे होते, म्हणजे जे काही व्हायचं ते आजच्या दिवसात.

आठवड्यापूर्वी कुणीतरी द्वारकाबाई म्हणून एका घरमालकिणीचा नंबर दिला होता. सांडूनं टेकाडावर चढून, रेंज धरून फोन लावला. ती म्हणाली, “मुलीला ठेवू. पण आमच्याकडं कॉट बेसिसवर असतं बरं का. मान्य असेल तर या.”

“मान्य, मान्य!” सांडू ओरडला.

कॉट म्हणजे बाज, एवढं त्याला कळत होतं. बेसिस म्हणजे अट असणार. कॉट आणायची, ही अट. अहो, त्याला केवढा आनंद झाला! शहरातल्या लोकांच्या इतक्या अटी असतात आणि या बाईनं नेमकी अशी घातली, जी त्याला स्वतःच्या हातानं पुरी करता येत होती. पंचक्रोशीतल्या निम्म्या बाजा सांडूनं विणलेल्या. फक्त दोरी नव्हती. पावसाअभावी अंबाडीच उगवली नव्हती. मग त्यानं वस्तीवरच्या विहिरीचा दोर काढून आणला. विहिरीत तळाला खडक दिसत होता, दोर नुसता रहाटाला लटकत होता. भामाबाई, त्याची बायको, म्हणाली, “आवो, पानी आल्यावर कशानं शेंदायचं?” सांडू म्हणाला, “पानी आलं की दोर बी येईन. पोरीचं आधी.” त्यानं तो जाड दोर उकलला, पीळ सोडून बारीक दोऱ्या वळल्या आणि पाच दिवसांत बाज विणली. बाजेचे चारी खूर, म्हणजे पाय, निळ्या रंगानं रंगवले. काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून ती इथवर आणली.

करुणा मामाच्या गावाहून परस्पर आली होती. विद्यापीठाच्या गेटसमोर बाज घेऊन उभा असलेला बाप बघून तिला काहीच समजेना. समजलं तेव्हा द्वारकाबाईचं दार उघडलं होतं आणि उशीर झाला होता.

“अहो, कॉट बेसिस म्हणजे कॉट आम्ही देतो!” द्वारकाबाई पोट धरून हसली. “एका खोलीत सहा कॉट, एका कॉटचं भाडं. तुम्ही आपली बाजच घेऊन आलात की हो!” वरच्या खिडकीत पाच-सहा पोरींची तोंडं जमली. एकीनं मोबाइल काढला. करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसून झाल्यावर द्वारकाबाईनं डोळे पुसले आणि वही घेतली. “पूर्ण नाव सांगा.”

सांडूनं सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. वहीवर टेकलेलं पेन तिथंच राहिलं.

“अगं बाई, विसरलेच बघा. जालन्याची एक मुलगी संध्याकाळी यायचीय. आणि पाण्याचीही इतकी बोंब आहे ना…”

सांडूचं वय पन्नास. हे विसरणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यानं बाज पुन्हा डोक्यावर घेतली.

त्यानंतर बेगमपुऱ्यापासून पहाडसिंगपुऱ्यापर्यंत त्यांनी दारं ठोठावली. पाटी सगळीकडं एकच, ‘फक्त मुलींसाठी. पाण्याची चोवीस तास सोय’, आणि पाटीखाली रिकामे हंडे रांगेनं मांडलेले. कुणी म्हणालं शाकाहारीच पाहिजे. कुणी म्हणालं आत्ताच गेली. एकानं तर खालच्या दोन्ही खोल्या पाडून तिथं गाड्या लावायला जागा केली होती. “गाडी पाणी मागत नाही हो,” तो म्हणाला. खरंच होतं म्हणा त्याचं.

शेवटी करुणा थांबली. “बा, ती बाज ठेवा ना कुठंतरी. लोक आधी तिच्याकडं बघतेत, मंग माझ्याकडं.”

म्हणून ते पुंडलिकच्या दारात आले होते.

पुंडलिकनं तोवर बाजेवर हात फिरवून वीण बघितली. मग स्टुलाखालून एक डबी काढली, त्यात बोट बुडवलं आणि बाजेच्या निळ्या खुरावर लाल रंगाचा पट्टा ओढला. सगळ्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर तसेच पट्टे होते.

“इथं माझा वाडा होता मेंढरांचा. बहात्तरच्या दुष्काळात आलतो बापासंगं,” तो म्हणाला. “मेंढरं सरली, गाड्या आल्या. मला बिल्ले-नंबर जमत नाय. रंग लावला की आपलं जनावर वळखू येतं.” मग त्यानं विचारलं, “रूम भेटली नाय का?”

सांडूनं मान हलवली. त्याला एकाएकी भडभडून आलं. “दर चौदा जानेवारीला येतो मी इथं. नामांतर झाल्यापासून एक साल चुकवलं नाय. त्या गेटच्या पायरीला डोकं लावतो. आपलं विद्यापीठ म्हनतो. आन् पोरीला पाठ टेकायला चार हात जागा भेटंना, दादा!”

पुंडलिकनं रंगाचं बोट धोतराला पुसलं. मग म्हणाला, “मागच्या गल्लीत आवडाबाई हाय. जिन्याखाली पोराची मोटारसायकल लावायची, ती आता माझ्याकडं असती. ती जागा द्यायचीय तिला. कॉट नाय म्हून आडलंय. तुमच्याकडं तर कॉटच हाय!” आणि आवाज खाली आणून तो पुढं म्हणाला, “इचारलंच तर सांगा, पुंडलिकचे पाव्हणे हाव.”

सकाळपासून शहरातला जो तो सांडूला पाव्हणंच म्हणत होता. पण हे पाव्हणं वेगळं. यात सोयरीक होती, जात होती. सांडूच्या लक्षात आलं. पुंडलिकच्या मनात खोट नव्हती, म्हणून राग कुणावर धरावा हेही त्याला कळेना.

आवडाबाई ठेंगणी, कष्टाळू बाई होती. आत पाच पोरी राहत, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, टाकीच्या साखळीला स्टीलचा पेला. जिन्याखालच्या फरशीवर ऑइलचे डाग अजून तसेच होते. तिनं भाडं सांगितलं, ते जमण्यासारखं होतं.

“पुंडलिकचे पाव्हणे का तुमी?”

सांडूनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हो म्हटलं की खोली. एवढ्याशा शब्दावर पोरीची दोन वर्षं लटकली होती. हो म्हणावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“नाय मावशी,” करुणा म्हणाली. तोंडावरची ओढणी तिनं खाली केली होती. “त्यांच्याकडं बाज ठेवली, एवढीच वळख. आम्ही बौद्ध.”

आवडाबाईनं जिन्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. खालच्या मानेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“मला तसलं काय नाय बाई,” ती म्हणाली. “आन तुझी बाज. फक्त पान्याचं बघ. टँकर चार दिसाला येतो. टाकी ह्या पाच पोरींनाच पुरत नाय. तुला म्या येक घागर भरून देत जाईन. येगळी. त्यातच तू भागव.”

टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. पाण्यात जिन्याचा कठडा दिसत होता. सांडूनं ती बघितली, करुणानंही बघितली.

“चल,” सांडू म्हणाला.

“बा.”

“चल म्हन्लं ना! टाकीला हात लावला म्हून मार खाल्लेला मानूस हाय मी. तुला हितं घागर येगळी ठिवून…”

“बा, मला शिकायचंय,” करुणा म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, तेच सांडूला जास्त लागलं. “ह्या बी ठेवत नाय म्हनल्या तर जायाचं कुठं? तुमी बाज आना.”

बाज आणली, तर ती वीतभर लांब भरली, जिन्याखाली बसेना.

बाज पुन्हा आवारात नेली, पुंडलिकनं शेजारच्या पंक्चरवाल्याकडून करवत आणून दिली. भर दुपारी, मोटारसायकलींच्या मधोमध बसून सांडूनं आपल्याच हातानं विणलेली बाज पायथ्याकडून सोडली. लांबीचे दोन्ही दांडे वीतभर कापले, टोकं तासली, खुरांच्या भोकांत ठोकून बसवली आणि पायथा पुन्हा ओढून बांधला. करुणा उंच होती, बापावर गेली होती.

“पाय दुमडून झोपत असते मी,” ती म्हणाली. हे खोटं होतं.

थोडा दोर उरला. त्याची सांडूनं एक गोल चुंबळ वळली, चांगली घट्ट, तीनपदरी. बाज जिन्याखाली सरकवून झाल्यावर त्यानं ती चुंबळ फरशीवर मांडली आणि आवडाबाईनं दिलेली घागर स्वतः उचलून तिच्यावर ठेवली, हलते का ते बघितलं. “लवंडायची नाय आता,” तो पोरीला म्हणाला. एवढंच बोलून तो निघाला. गेटवरून जाताना काळीपिवळी थांबली नाही आणि त्यानंही थांबवली नाही.

दिवस बुडता बुडता तो घरी पोचला. भामाबाई दारातच वाट बघत होती.

“भेटली का रूम?”

“भेटली.”

“बाज?”

“बसली.”

“आन् पान्याचं?” हा प्रश्न त्या सालात गावातलं कुणीही कुणालाही आधी विचारत असे.

“घागर हाय. तिची तिला,” सांडू म्हणाला.

“आख्खी घागर? येकटीला?” भामाबाईचं तोंड फुलून आलं. तिला सबंध घराला टँकरवर दोन मिळत. “नशीब काढलं बाई माझ्या लेकीनं! दुसऱ्या पोरी किती हायेत?”

“पाच.”

“त्यांच्या बी घागरी?”

सांडू चप्पल काढत होता. “त्यांना टाकी हाय,” तो म्हणाला.

भामाबाई हसतच होती. मग ते हसू हळूहळू उतरलं. ती आत गेली, माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. काठोकाठ भरलेला होता. एरवी ती अर्धाच भरायची.

“प्या,” ती म्हणाली आणि तो पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली.