बुरुजातली काडेपेटी

बाल्हुरीच्या गढीचा पश्चिमेचा बुरूज माझ्या बाबांनी बिघडवला, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त बाबांना. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी जुना चुन्याचा गिलावा उतरवून सिमेंट चढवलं. तेव्हा सगळेच गवंडी तेच करत. पण दगडात शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बुजली आणि ओल आत, ग्रिझेलबाईंच्या खोलीत उतरू लागली.

ग्रिझेलबाई त्याच खोलीत जन्मल्या, आता एक्याऐंशीच्या. तिथे काडेपेटी एका रात्रीत सादळते, म्हणून त्या ती खिशात घेऊन फिरत. गेल्या वसंतात भाच्याने निर्वाणीचं सांगितलं, "मावशी, पुढच्या मार्चपर्यंत भिंत सुकली नाही तर गावातल्या बंगलीत राहायला जायचं." बाईंनी मला बोलावलं. बाबांसारखी मीही गवंडीच.

मे महिन्यात मी छिन्नी लावली. बाबा खाली खुर्ची टाकून बसले.

"हलतंय का बघ! माझं काम आहे ते."

"तेच तर रडगाणं आहे, बाबा. इतकं घट्ट कशाला केलंत?"

"तू तोंडच चालव. भिंत आहे तशीच राहील."

तिसऱ्या दिवशी दाराएवढा पोपडा सुटला. मागचा दगड काळा, चिंब. बाबांनी त्यावर तळहात ठेवला आणि ओला झालेला हात विजारीला पुसला. मला त्यांची फार दया आली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःची थापी घेऊन हजर.

चुन्यात वाळू-खडी कालवून भिंतीवर फेकून मारायची असते. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही बाबांचा नेम माझ्याहून पक्का. हिम पडायच्या कितीतरी आधी, ऑगस्टातच, बुरूज खालपासून वरपर्यंत दुधी झाला.

मार्चमध्ये बाईंनी आम्हाला गोल जिन्याने वर बोलावलं. भाचाही होता. शेकोटीत लाकडं रचलेली होती.

"काडेपेटी हिवाळाभर इथेच कोनाड्यात होती," म्हणत बाईंनी ती बाबांपुढे धरली. "वॉटी, तू काडी ओढ."

"मी कशाला? काम पोरीचं आहे."

"ओल तुझी होती ना? ओढ मुकाट्याने."

पहिल्याच फटक्यात काडी पेटली. भाचा हसला, बाई आपल्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. बाबा मात्र ज्योतीकडे बघतच राहिले. बोट भाजलं, तेव्हा कुठे त्यांनी काडी लाकडांना लावली.