धाकटीचे लोंबकळणारे पाय

माझ्या सख्ख्या बहिणीचा मला त्या दिवशी इतका हेवा वाटला की माझं मलाच नवल वाटलं. वय वर्षं एकाहत्तर. या वयात माणसं देवाधर्माला लागतात म्हणे. मी बॅटरीवर चालणाऱ्या एका भाड्याच्या स्कूटरवरून जळत होते.

माझी लेक चार वर्षांनी आली होती, तीही पाच दिवसांसाठी. त्यातले तीन भेटीगाठींत गेले. चौथ्या दिवशी तिने मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि आपल्या सहा वर्षांच्या पोरीला, म्हणजे आमच्या भिंगरीला, थीम पार्कला न्यायचं ठरवलं. मला त्या पाळण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मला लेकीचा हात धरून एक दिवस चालायचं होतं. ती लहान होती तेव्हा मी दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडायचे, आणि तिचा हात धरून तिला शाळेत नेणारी-आणणारी होती धाकटी. त्याची भरपाई मला एका दिवसात करायची होती.

पायांची मला फुशारकी होती, हेही सांगून टाकते. तीस वर्षं मी जिने चढले. धाकटीचा जन्म शिवणयंत्रापुढे गेला. "तुझं काय बाई, तू बसून खाल्लंस," असं मी तिला उठताबसता ऐकवायचे. ती दाताने दोरा तोडायची आणि हसायची. गेल्या वर्षापासून माझा डावा गुडघा जिन्यावर जीव काढतो, हे मात्र मी कोणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आदल्या रात्री आम्ही पार्कशेजारच्या हॉटेलात मुक्काम केला. सकाळी खाली उतरलो, तर स्कूटर भाड्याने देणारा माणूस दारातच उभा. तीन चाकं, काळी सीट, पुढे टोपली. हँडलवर वेगाचं गोल बटण, त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. हातातला कागद वाचून तो थेट माझ्याकडे आला.

"या आजी, बसून बघा. सीट तुमच्या..."

"मला कशाला? मला काय धाड भरलीय?"

त्याने पुन्हा कागदात पाहिलं. भिंगरी हॉर्न वाजवून बघत होती. तेवढ्यात धाकटी पुढे झाली.

"अहो, माझ्यासाठी आहे ती. माझा गुडघा दुखतो ना." आणि उजवा गुडघा चोळत ती चढून बसली.

तिचे पाय खाली टेकेनात. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. त्या माणसाने सीट खाली घ्यायला पाना काढला, तर लेक म्हणाली, "असू दे. आहे तशीच राहू दे."

मला वाटलं, निघायची घाई असेल. खरं म्हणजे माझं लक्ष सीटवर नव्हतंच. आमच्या बाबांचा एक नियम होता. थोरलं माणूस उभं असताना धाकट्याने बसायचं नाही. साठ वर्षं धाकटीने तो पाळला. बसमध्ये, दवाखान्यात, पाहुण्यांच्या घरी, मी बसले की मग ती. आणि आज ही बाई माझ्यादेखत चढून बसली, तेही माझ्या लेकीसमोर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पार्कात तर तिचा थाट बघवत नव्हता. भिंगरी मांडीवर. लेकीचा हात हँडलवर, कारण वळण आलं की धाकटी घाबरायची. म्हणजे मला हवा असलेला हात तिथे. वाट अरुंद झाली की त्या तिघी पुढे आणि मी मागे, खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. "टोपलीत ठेव ना ताई," असं धाकटी दोनदा म्हणाली. मी ठेवली नाही. रांग दिसली की तिथली मुलगी दोरी उचलून आम्हाला बाजूच्या वाटेने आत घ्यायची, "सावकाश हं आजी," असं धाकटीला म्हणायची. मला कोणी सावकाश म्हटलं नाही.

"ताई, जरा बसतेस? मला पाय मोकळे करायचेत," धाकटी दर अर्ध्या तासाने विचारायची.

"तूच बस. तुला सवय आहे."

"आई, बस ना थोडी," लेक म्हणाली.

"तू मावशीला सांभाळ," मी म्हटलं. आणि ती खरंच सांभाळत राहिली, त्याचाही मला राग आला.

चालता चालता मी धाकटीचे जुने गुन्हे उकरून काढले. परवाच तिने तुला नवी पँट शिवते म्हणून माझं माप घेतलं होतं, अगदी गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावून. पँटचा अजून पत्ता नाही. नुसता देखावा करायचा आणि लेकीपुढे गोड व्हायचं, एवढंच हिला येतं.

दुपारी होडीची राईड आली. खाली धक्क्यावर उतरायला सतरा पायऱ्या होत्या. मी मोजल्या, ती सवय जात नाही. गुडघा तोवर नुसता ठणकत होता. "मी सामान बघते, तुम्ही जाऊन या," मी म्हटलं. स्कूटर खाली नेता येत नव्हती. धाकटीने किल्ली माझ्या हातात दिली आणि लेकीच्या खांद्याला धरून लंगडत गेली.

त्या दिसेनाशा झाल्या. समोर स्कूटर. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही. बघू तरी, म्हटलं, एवढं मिरवण्यासारखं काय आहे त्यात. बसले.

पाय खालच्या फळीवर सपाट टेकले. गुडघा वाकायला हवा तेवढाच वाकला आणि सकाळपासूनची कळ उतरायला लागली. धाकटीचे पाय लोंबकळत होते आणि माझे बरोबर टेकले. किल्लीला प्लास्टिकच्या पाकिटात भाड्याचा कागद अडकवलेला होता. आयुष्यभर लोकांच्या दारातले आकडे वाचले, हेही वाचले. वापरणाऱ्याचं नाव माझं. वय एकाहत्तर. त्याखाली वेगळ्या अक्षरात: गुडघा ते टाच साडेसतरा इंच, डावा पाय जपून. आकड्याखाली एक बारीक आडवी रेघ. कापडावर खडूने माप लिहिताना अशी रेघ फक्त धाकटी मारते.

मला रडूबिडू आलं नाही. संताप आला. म्हणजे या दोघींनी माझ्या मागे माझ्या पायाची चर्चा केली होती.

कठड्याखाली होडी धक्क्याला लागली. सगळ्यांत आधी धाकटीने उडी मारली. तिने भिंगरीला कडेवर घेतलं आणि सतरा पायऱ्या न थांबता चढून आली, लेकीच्याही पुढे. वर येताच मी स्कूटरवर दिसले, तशी लंगडायला लागली.

"बस, बस ताई. मी चालते थोडी. तेवढाच गुडघा मोकळा होईल."

"कुठला गुडघा?"

"हा काय."

"सकाळी उजवा होता."

तिने खाली पाहिलं. हात डाव्यावर होता. तिने तो काढून घेतला.

"आई, तुझ्यासाठी म्हटलं असतं तर तू घेतली असतीस का?" लेक हळू आवाजात म्हणाली.

"मग सकाळीच परत पाठवायची."

"परत पाठवली असती तर आत्ता कशावर बसली असतीस?" धाकटी म्हणाली. "गाडी जवळ ठेवायची तर कोणीतरी बसायला हवं होतं."

"मी उभी असताना बसलीस तू."

"बसले. दिवसभर. पायाखाली आधार नाही, कंबर मोडून गेली, आणि तू मागून डोळे वटारत होतीस ते न बघता कळत होतं मला. आता बाबांनी कोणाच्या कानफटात दिली असती ते तूच सांग."

मी भिंगरीला मांडीवर घेतलं आणि किल्ली फिरवली.

निघालो. लेकीचा हात हँडलवर आला, माझ्या हातावर. सकाळपासून मला एवढंच हवं होतं. पण माझं लक्ष होतं बाजूने चालणाऱ्या धाकटीकडे. सहासष्ट वर्षांची बाई हात झुलवत, ठाम पावलं टाकत चालली होती, जशी मी तीस वर्षं चालायचे. दिवसभर तिच्या सीटवर जळले, आणि सीट मिळाल्यावर तिच्या पायांवर.

मी बटण सशाकडे फिरवलं. भिंगरी किंचाळून हसली. वाटलं, आता धाकटी पडेल मागे. पडली नाही. पावलं लांब करून ती बरोबरीने आली, मेलीला धापसुद्धा लागली नाही. मागे राहिली ती लेक. तिचा हात सुटला होता.

मी बटण पार कासवावर आणलं आणि वळून बघितलं. धाकटी थांबली, लेकीला पुढे येऊ दिलं, तिचा हात धरून माझ्या हातावर ठेवला. मग ती मागे गेली, मी दिवसभर चालले होते तिथे, आणि तिथून चालायला लागली. बाटल्यांची पिशवी तिने माझ्या खांद्यावरून कधी काढून घेतली होती, ते मला कळलंही नव्हतं.