तंतूंनी बुजलेली जाळी

मी एका जुन्या टॅक्सीच्या एसीचा कंडेन्सर आहे. मित्रांनो, तुम्ही मला क्वचितच पाहिलं असेल. मी गाडीच्या अगदी पुढे, जाळीमागे बसतो. गाडीतली उष्णता माझ्याकडे येते आणि मी ती वाऱ्यावर सोडतो. माझ्या पातळ पत्र्यांमधून वारा खेळला, तरच आत गारवा होतो.

माझा मालक हेमराज. त्याचे वडील खानदेशातून सुरतेला मागावर कामाला आले आणि बमरोलीत राहिले. हेमराजने ही टॅक्सी घेतली. पहिल्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं म्हणायची, "भाई, तमारुं एसी तो फ्रिज जेवुं छे!" फ्रिजसारखा गार म्हटलं की हेमराज खूश व्हायचा.

बमरोलीच्या हवेत मागांवरचे बारीक तंतू उडतात. ते माझ्यावर बसत गेले. त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तंतू. गारवा कमी झाला, तेव्हा हेमराजने दोनदा एसीचा गॅस भरून घेतला. उपयोग झाला नाही. गॅस पुरेसा होता, वाराच मिळत नव्हता.

त्याची बायको वर्षा म्हणाली, "अहो, पुढची जाळी एकदा धुऊन घ्या ना."

"बघू रविवारी," तो म्हणाला. रविवारी भाडी जास्त असत.

मे महिन्यात तो आईला, मालतीबाईंना, डायलिसिसला घेऊन निघाला. सुरतेतल्याच पर्वत पाटिया चौकात वाहनं अडकली. गाडी उभी राहिली की मला फक्त पंख्याचा वारा. तोही तंतूंत अडला. मी तापलो, कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला, आत गरम हवा येऊ लागली.

"हेमराज, मना जीव घाबरी ऱ्हायना रे," मालतीबाई अहिराणीत म्हणाल्या.

"माय, आते पोचसूत," तो म्हणाला आणि आता पोहोचूच म्हणून गाडी पुढे रेटत राहिला.

त्या पुन्हा बोलल्या नाहीत. दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. संध्याकाळी त्या गेल्या. मी तेव्हा बाहेर उभ्या गाडीत थंड होत होतो. मला काहीच वाटलं नाही. मी ॲल्युमिनियमचा आहे.

तेराव्यानंतर हेमराजने पुढची जाळी खोलली. वर्षाने पाइप धरला, हेमराज नळ सोडू लागला. "जोर कमी ठेवा, पत्रे वाकतील," ती म्हणाली. माझ्या अंगावरून करडा थर गोधडीच्या तुकड्यासारखा सुटून आला. हेमराजने तो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि खाली ठेवला.

मग त्याने एसी लावला. हवा पहिल्यासारखी गार आली.

"येतंय का गार?" वर्षाने विचारलं.

"हो," तो म्हणाला. त्याने एसी बंद केला. वर्षाने पाइप गुंडाळला.

मित्रांनो, उन्हाळा लागण्याआधी माझ्यासारख्यांना पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्या. उन्हात तापलेल्या गाडीची दारं आधी उघडा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा. आणि गाडीत कुणी जीव घाबरतोय म्हणालं, तर पोहोचायची घाई करू नका. गाडी बाजूला घ्या, सावली शोधा, त्यांना पाणी द्या.