गुरुत्वलहरींचे महाराज

देविकाच्या पत्राला अनंतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा घरात नवी तूर आली होती. आता तिची डाळ होऊन डब्यातही पडली, तरी उत्तर नव्हतं.

देविका ही लातूरच्या कॉलेजातली त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता ती नांदेडच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होती. दर शनिवारी तिथं ताज्या संशोधनावर व्याख्यानमाला चालली होती, आणि तिनं लिहिलं होतं, ‘सर, पुण्याचा गंधार म्हणून एक तरुण संशोधक गुरुत्वलहरींवर इंग्रजीतून बोलणार आहे. तोच विषय शेवटच्या शनिवारी मराठीतून तुम्ही सांगा. साध्या लोकांसाठी. तुम्ही नाही म्हणालात तर तो शनिवार रद्द करीन, दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही.’

या शेवटच्या वाक्यानं अनंतरावांची झोप उडाली. हो म्हणायला धीर होत नव्हता. नाही म्हणावं, तर मराठीतलं एकुलतं एक व्याख्यान आपल्यामुळं बुडणार. जन्मभर आपण पुस्तकातलं शिकवलं. निवृत्तीनंतरही रोज वाचत आलो, हे खरं. पण नुसतं वाचणाऱ्यानं संशोधकांच्या रांगेत उभं राहून काय सांगायचं? फळ्याकडं तोंड करून शिकवणारा मास्तर म्हणून पोरं त्यांना हसायची, तेही ते विसरले नव्हते.

“अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा,” विनीताबाई म्हणाल्या. “पोरीचा शनिवार अडवून बसलाय. लग्नाला होकार द्यायलासुद्धा एवढा वेळ लावला नव्हता तुम्ही.”

“तो वडिलांनी दिला होता,” अनंतराव म्हणाले.

गंधारच्या व्याख्यानाच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. नुसतं ऐकून यायचं, देविकाच्या नजरेस पडायचं नाही, असं ठरवून सभागृहातली शेवटची रांग त्यांनी गाठली.

थोड्या वेळानं शेजारी एक वयस्कर जोडपं येऊन बसलं. म्हाताऱ्याच्या डोक्याला पटका होता. म्हातारीच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत नारळ.

“भाऊ,” म्हातारीनं हळूच विचारलं, “महाराज यायला लई येळ हाय का?”

“कोणते महाराज?”

“प्रवचनाचे. भाईर कागद लावलाय न्हवं, गुरुत्वलहरी म्हणून.”

अनंतरावांच्या लक्षात घोळ आला. दगडोबा आणि शिवकन्या भोकरकडचे, दवाखान्याच्या कामाला आलेले. बसस्टँडवर मराठीतली जाहिरात पाहिली. गुरू आहे, लहरी आहेत, प्रवेश मोफत आहे. गुरूच्या महिम्याचं काही असणार म्हणून दोघं विचारत विचारत इथवर पोचले होते.

“हे प्रवचन नाही हो,” अनंतराव ओशाळून म्हणाले, जणू जाहिरात त्यांनीच लिहिली होती. “हा गुरू वेगळा. गुरू म्हणजे इथं जड. वजनदार.”

“वजनदारच आसतेत सगळे महाराज,” दगडोबा म्हणाला. शिवकन्येनं त्याला कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात दिवे मंदावले आणि गंधार बोलू लागला. पोरगा हुशार होता, पण त्याचं इंग्रजी पाण्याच्या लोंढ्यासारखं सुटलं. पडद्यावर दोन काळे गोल एकमेकांभोवती गरगरू लागले.

“काय करून राहिले ते?” शिवकन्येनं विचारलं.

उठून जा, असं सांगणं अनंतरावांना जमेना. ते कुजबुजत सांगू लागले. “लांब आकाशात दोन फार जड गोळे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाले. त्याची थरथर सगळीकडं पसरली, ती आपल्यापर्यंत आली. शेजारच्या शिवारात बोअरची गाडी लागली की तुमच्या घरातल्या हंड्यातलं पाणी थरथरतं की नाही?”

“थरथरतंय की.”

“गाडी दिसत नाही, पण पाण्यावरनं कळतं. हे लोक तसाच एक हंडा करून बसलेत. फरक इतकाच, की तिथं जमीन थरथरते. इथं जागाच ताणली जाते, आखडली जाते. अगदी कणभर.”

“आमच्या हिकडं औंढ्याला त्येच होऊन राहिलंय म्हणं,” शिवकन्या म्हणाली.

“तेच. तसलाच मोठा हंडा तिथं बांधतायत.”

दगडोबानं पटका मागं सारला. “पर मास्तर, गाडी बी हालवती, ट्रक बी हालवतो. ही थरथर आभाळातलीच, ह्ये कसं कळावं?”

“म्हणून दुसरा हंडा फार लांब ठेवायचा. इथला ट्रक तिथलं पाणी हलवू शकत नाही. दोन्हीकडं सारखीच थरथर आली, तर ती आकाशातली.”

“म्हंजे भोकरचा हंडा आन् लातूरचा हंडा!” दगडोबा इतक्या मोठ्यानं म्हणाला, की चार माणसं वळली. अनंतरावांनी मान खाली घातली. पण पुढच्या रांगेतली एक मुलगी कुजबुजली, “आजोबा, थांबू नका ना. आम्हालाही इंग्रजी नीट कळेना झालंय.” आणि ती तशीच वळून बसली. मग तिच्या शेजारणीही वळल्या. अनंतराव बोलत राहिले. पडद्यावर काय आहे ते पाहायचं आणि सांगायचं. फळा नव्हता, त्यामुळं तोंड लपवायला जागाही नव्हती.

व्याख्यान संपल्यावर शिवकन्येनं नारळ काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांना काही बोलता येण्याआधीच वाकून नमस्कार केला. “आमचे महाराज हेच,” ती म्हणाली.

नेमकी त्याच वेळी देविका तिथं आली. “सर! कळवायचं तरी.”

“नुसता ऐकायला आलो होतो,” अनंतराव नारळ पाठीमागं नेत म्हणाले.

“दिसलं मला स्टेजवरून, कोण ऐकत होतं ते.” मग जोडप्याची हकिगत कळली, तशी ती कपाळावर हात मारून हसली. “नावानं फसवलं की लोकांना. शेवटच्या शनिवारी बदलते. ‘खगोलभौतिकीतील नवे प्रवाह’, असं काहीतरी. आणि सर, तोंडी हो-नाही नको. तुम्ही इथं हो म्हणाल आणि बसमध्ये विचार बदलाल. पत्रानं कळवा. चार दिवसांत जाहिरात छापायला द्यायचीय.”

रविवारी अनंतराव लिहायला बसले. पहिला कागद क्षमा मागण्यातच भरला, तो फाडला. दुसऱ्यावर आपण का लायक नाही, ते मुद्देसूद आलं. तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं,

‘चि. देविकास अनेक आशीर्वाद. शेवटच्या शनिवारी येतो. नाव गुरुत्वलहरी हेच राहू दे. प्रवचन समजून येणारे येऊ देत, त्यांना पुढं बसव. ते नीट विचारतात. मी अडखळलो तर मधे बोलू नकोस, थोडा वेळ दे.’

सोमवारी सकाळी विनीताबाई त्यांच्याबरोबर पोस्टापर्यंत चालत गेल्या, वाटेत परत फिरतील म्हणून. अनंतरावांनी पाकीट पेटीत टाकलं आणि ते खाली पडलं की अडकलं, हे बघायला फटीत बोटं घातली.

“अहो, हात काढा बाहेर,” विनीताबाई म्हणाल्या. “गेलं ते.”