नकाराचं व्याख्यान

व्याख्यान सुरळीत पार पडलं तर खुणांच्या भाषेतल्या दुभाषी बाईंची हंगामी नोकरी कायम होणार होती. म्हणजे पगारी रजा, आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेरचं ताटकळणं बंद. त्यासाठी तासभर हात नाचवायला बाई एका पायावर तयार होत्या.

वृद्ध प्राध्यापकांच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या. ऐकू न येणारी श्रोती एकच होती, पहिल्या रांगेतली शिवणकामवाली मावशी.

"ईश्वराबद्दल माणसाच्या भाषेत काय सांगता येतं?" प्राध्यापकांनी सुरुवात केली. "मध्ययुगातले काही तत्त्वज्ञ म्हणतात, तो काय नाही, एवढंच. तो शरीर नाही. तो अनेक नाही. आपण ज्या अर्थाने दयाळू म्हणतो, त्या अर्थाने तो दयाळूही नाही."

खुणांच्या भाषेत नकाराला हातांइतकीच मानही लागते. बाई वाक्यागणिक ठामपणे मान नकारार्थी हलवू लागल्या.

प्राध्यापकांनी तिरक्या नजरेने पाहिलं. पुन्हा पाहिलं. हेच मत मांडत तीस वर्षं भल्याभल्या विद्वानांना पुरून उरलेला हा माणूस, पण त्यांच्यातल्या कुणी इतक्या जवळ उभं राहून नाही म्हटलं नव्हतं. ते घोटभर पाणी प्यायले.

"म्हणजे... अगदीच दयाळू नाही, असं नव्हे."

मान थबकली.

"दयाळू आहे म्हणायला तशी हरकत नाही."

मान होकारार्थी डोलली. प्राध्यापकांच्या जिवात जीव आला. मग काय, ईश्वर चांगला, शहाणा, प्रेमळ, शब्दाचा पक्का. दलालाने घर दाखवताना गुण सांगावेत तसे ते सांगत सुटले.

व्याख्यान आपल्या मानेवर चाललंय, हे बाईंच्या ध्यानात आलं. होकाराचं नुसत्या हातांनीही भागलं असतं. पण मागे प्राचार्य खुशीत हसत होते. बाई डोलत राहिल्या.

टाळ्या थांबल्यावर मावशीने झपझप खुणा केल्या, "आधी नाही-नाही म्हणत होते, तेच पटत होतं. माझं गिऱ्हाईकसुद्धा काय नको तेवढंच धड सांगतं, त्यावरूनच मी कापते. सर मध्येच कुणाला भ्यायले?"

"काय म्हणतायत त्या?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आवडलं म्हणतायत, सर."

"सगळं?"

बाईंनी मान डोलावली.

नोकरी बाईंना मिळाली, टाळ्या प्राचार्यांच्या महाविद्यालयाला. प्राध्यापकांची तीस वर्षं खर्ची पडली, पण त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मावशी तेवढी, खुर्च्या आवरून होईपर्यंत, उत्तराची वाट बघत बसून होती.