नामा काळूराम, दोन वेळा

दहाव्या चाचणीला पडद्यावर लाल रेघ उमटली. आधीच्या सगळ्या पास झाल्या होत्या.

केतनने खुर्ची पुढे ओढली. उरणच्या बंदराजवळची ही कंपनी ट्रेलरवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि तो तिथला सीनियर इंजिनिअर. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या प्राप्ती म्हात्रेला त्याने ड्रायव्हरांची यादी दिली होती. दोनदा आलेला माणूस शोधून एकदाच ठेवणारा प्रोग्राम तिने लिहायचा होता.

"हे बघ. नाव तेच, बापाचं तेच, आडनाव आणि गावही तेच. एकच माणूस आहे. तू दोन ठेवलेस."

"जन्मसाल वेगळंय, सर."

"टायपिंगची चूक. लोक काहीही भरतात. बदल पटकन, वेळ संपत आलाय."

प्राप्तीचा हात कीबोर्डवर गेला. मागच्या दोन कंपन्यांत तिने प्रत्येक गोष्टीला 'हो सर' म्हटलं होतं आणि दोन्हीकडून नकार आला होता. याही वेळी हुकलं तर काकाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलं टाइप करायची, असं घरी ठरलं होतं. एक ओळ बदलली की रेघ हिरवी होणार होती.

तिने हात मागे घेतला.

"न्हाय सर." घाईत घरचीच बोली निघाली. तिने सावरलं. "एक नाहीत. आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. माझे आजोबा नामा काळूराम. त्यांच्या मुलाला त्यांच्या वडिलांचं नाव, म्हणून माझे बाबा काळूराम. आणि माझा भाऊ परत नामा. नामा काळूराम म्हात्रे. घरात दोन आहेत."

कोपऱ्यात बसलेल्या शिवानी मॅडम, केतनच्या वरिष्ठ, हसल्या. "मग हाक मारली की कोण ओ देतं?"

"काम असलं तर कुणीच नाही, मॅडम."

केतन हसला नाही. "पण चाचणीत उत्तर एक दिलंय."

"मग चाचणी चुकलीय, सर."

मग शिवानी मॅडमनी आपला लॅपटॉप ओढला.

"केतन, ते तक्रारवाले आजोबा आठवतात? गाडी सोडून वर्षं झाली, तरी रोज ट्रिपचे मेसेज येतात म्हणून ओरडतात?" त्यांनी नोंद उघडली. "नाव एकच, पण लायसन्स नंबर दोन आहेत. नातू गाडी चालवतो आणि मेसेज आजोबांना जातात. आपणच दोघांना एक केलंय."

केतनने नोंद नीट वाचली. "ही चाचणी मीच लिहिली होती," तो म्हणाला आणि उत्तर एकाचं दोन केलं. रेघ हिरवी झाली.

"पुढचा राउंड कधी, मॅडम?" प्राप्तीने विचारलं.

"झाला की आत्ता. सोमवारपासून ये. पहिलं काम हेच."

गेटबाहेर येऊन तिने आईला फोन लावला. "आये, लागली नोकरी!"

आईने फोन कानाला तसाच ठेवून शेजारी ओरडून सांगितलं, "बायजा गो, आमची प्राप्ती इंजिनेर झाली!"

"अगं, इंजिनिअर कधीच झाले होते!"

"ता कागदावर गो. आता झाली."