काचेतला कोट

साल एकाहत्तर. त्या वर्षी बाजारातल्या दुकानांना एकामागून एक मोठाल्या काचा लागत होत्या. बटणांच्या दुकानालाही लागली, आणि ती बसवून महिना झाला नाही तोच दुकानाचे मालक, म्हणजे घरातल्या दोघी सुनांचे सासरे, गेले. जाण्यापूर्वी त्यांनी त्या काचेमागे लेसा, रिळं, हुक, कात्र्या, मापाच्या पट्ट्या असं इतकं काही रचून ठेवलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं, घर बदलताना कुणीतरी सामान टाकून गेलंय.

त्यानंतर दुकानात त्या दोघी बसू लागल्या. थोरली गल्ल्यावर, धाकटी गिऱ्हाइकापुढे. पण गिऱ्हाईक आटत चाललं. थोरलीचे यजमान कचेरीत नोकरीला होते, घरात सगळे त्यांना दादा म्हणत. एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "शेजारच्या चपलावाल्याला गोदाम हवंय. महिनाअखेरीस किल्ल्या देऊन टाकू. तुम्हा दोघींची दगदग वाचेल."

दगदग! धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं तर तो भात कालवत बसलेला. दादांपुढे त्याचं तोंड कधी उघडलंय! लग्न झाल्यापासून मागचं अंगण आणि मोरी, एवढंच तिचं जग होतं. दुकानात आल्यापासून लोक तिला 'ताई, हे बरं दिसेल का?' असं विचारायचे. दुकान गेलं की पुन्हा ती मोरी.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि आपल्याच दुकानाकडे परक्यासारखी बघू लागली. काहीही दिसेना. आत येऊन तिनं पदर खोचला आणि काचेमागचं सगळं उपसायला घेतलं.

"अगं बाई! दुकान लुटलं असं वाटेल लोकांना," थोरली ओरडली.

"वाटू दे. निदान वळून बघतील तरी!"

मग पाटी. जुन्या पाटीवर सासऱ्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मालाची जंत्री. धाकटीनं पेंटरला सांगितलं, सगळं पुसा आणि एकच शब्द लिहा, 'बटणं'. मोठ्ठा.

"एवढंच? ताई, शोभा काय राहील? कोपऱ्यात दोन हंस तरी काढतो."

"हंस विकत नाही आपण."

पेंटर दिवसभर फुगून बसला, पण अक्षरं अशी काढली की चौकातून वाचता यावीत. आता थोरलीलाही चेव आला. कपाटात एकसारखे बंद खोके होते, त्या प्रत्येकावर तिनं आतल्या बटणाचा एक नमुना टाचून टाकला. भिंत अशी खुलली की दोघी हातातलं काम सोडून बघत राहिल्या.

काच मात्र रिकामीच होती. "एकच वस्तू हवी," धाकटी म्हणाली, "पण अशी, की माणसाला आत यावंसंच वाटलं पाहिजे."

थोरली घरी गेली आणि दादांचा काळा कोट घेऊन आली. "तो निघतो कधी? लग्नात, नाहीतर साहेबापुढे. त्यांना पत्ताही लागायचा नाही."

कोटाची सगळी बटणं काढून तो काचेत टांगला. खाली पुठ्ठा: 'या कोटाला कुठलं बटण शोभेल? आत येऊन लावून बघा.'

आधी एक शिंपी आला. मग कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाई, त्यांच्यामागे त्यांच्याशी वाद घालायला त्यांची बहीण. शिंगाचं बरं की शिंपल्याचं, यावरून पायरीवर भांडणं जुंपली. येणारा एक बटण कोटाला लावून बघे आणि चार घरी घेऊन जाई. आठवड्याभरात दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात दादा चपलावाल्याकडे बोलणी पक्की करायला निघाले. अशा व्यवहाराला कोट हवा, म्हणून कपाट उघडलं तर कोट नाही! शोधत शोधत ते दुकानाशी आले आणि काचेपाशीच थबकले. गर्दीतून वाट काढू लागले तसं एका आजीबाईंनी त्यांना छत्रीनं अडवलं.

"मागे व्हा, रांग आहे."

"अहो, तो कोट माझा आहे!"

"आत्ताच एक जण हेच म्हणत होता. व्हा मागे!"

धाकटीला वाटलं, आता संपलं. पण आत पोचून दादांनी कोट अंगात घातला मात्र, नि सगळं दुकान त्यांच्याभोवती गोळा झालं. "आता कळेल! हात खाली करा. जरा ताठ उभे राहा बघू!" कचेरीत ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, ते दादा ताठ झाले. कुणी पितळी बटण लावलं.

"छे छे," दादा म्हणाले, "बँडवाला दिसेन मी. ते तपकिरी बघू."

धाकटी सुईदोरा घेऊन तपकिरी टाचू लागली, तेवढ्यात चपलावाला दारात आला. "येताय ना बोलणीला? किल्ल्या घेतल्यात?"

धाकटीनं वर पाहिलं नाही. गाठ मारली, दोरा तोडला. आता त्यांना थांबवायला तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

दादा आरशात बघत होते. "किल्ल्या कसल्या मागताय?" ते म्हणाले. "दिसत नाही का, दुकान चालू आहे! धाकट्या वहिनी, या बाईंना शिंगाचं दाखवा. यांच्या रंगाला तेच जाईल."

थोरलीनं गल्ला धाडकन लावला आणि तोंडाला पदर लावून हसली.

चपलावाल्यानं पुढे गोदाम दुसरीकडे घेतलं. वर्षभर रुसला, मग काच कशी सजवावी हे विचारायला धाकटीकडेच आला. पेंटर गाव सोडून गेला, नाटकांचे पडदे रंगवून नावारूपाला आला. थोरली म्हातारपणी दिसेनासं झालं तरी हातानं चाचपून बटण ओळखायची. ती गल्ल्यावर बसल्या बसल्याच गेली. दादा निवृत्त झाल्यावर रोज दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकांना इतके सल्ले द्यायचे की शेवटी दादांनाच चहाला पाठवावं लागे. धाकटीच्या नवऱ्याला उशिरा का होईना कंठ फुटला. दोन गल्ल्या सोडून दुसरं दुकान काढायचं, तेही बायकोच्या नावानं, हे दादांना त्यानंच सांगितलं.

त्या दुकानात आता धाकटीची सून बसते. आल्या आल्या तिनं सासूची सगळी मांडणी बदलून टाकली. धाकटीला ती नवी मांडणी मुळीच पसंत नाही. पण गर्दी असते, म्हणून गप्प आहे.